एमएक्सपीएक्स मोठ्या कंपनीकडे गेले, त्यात विश्वासघात कसला?

सायंतारा (धागाकर्ता)

कॉलेजातल्या जुन्या मित्राशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं, म्हणून हा धागा. तो म्हणाला, "एमएक्सपीएक्सनं देवाच्या नावावर गिऱ्हाईक जमवलं आणि मोठी कंपनी भेटल्यावर देवाला दारातच सोडलं." मला हे अजिबात पटलेलं नाही.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिएटलहून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की ब्रेमर्टन लागतं, नौदलाच्या गोदीचं गाव. १९९२ मध्ये तिथल्या शाळकरी पोरांनी मॅग्निफाइड प्लेड नावाचा पंक, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉकचा बँड काढला. नाव लांबलचक, म्हणून एम आणि पी एवढीच अक्षरं ठेवली. त्यांच्यापुढचे पूर्णविराम फुल्यांसारखे काढले गेले आणि नाव पडलं एमएक्सपीएक्स. माइक हेरेरा गातो आणि बास वाजवतो, युरी रूली ड्रमवर, आणि १९९५ पासून टॉम विस्नेव्स्की गिटारवर. त्यांचा पहिला अल्बम १९९४ मध्ये टूथ अँड नेलनं काढला. हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, ब्रँडन एबेलनं आदल्याच वर्षी सुरू केलं होतं आणि त्यावरचे बहुतेक बँड ख्रिस्ती पोरांचे. पुढे १९९८ मध्ये 'स्लोली गोइंग द वे ऑफ द बफेलो' हा अल्बम ए अँड एम ह्या बड्या कंपनीतर्फे आला आणि अमेरिकेत गोल्ड ठरला, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा. तेव्हापासून "विकले गेले" हा शिक्का बसला तो बसलाच.

आता माझं म्हणणं. १९९६ चा टूथ अँड नेलवरचा 'लाइफ इन जनरल' आणि १९९८ चा हा अल्बम लागोपाठ ऐका. वाजवणारे तेच तिघं, निर्माताही तोच, स्टीव्ह क्रावॅक. तीच धावपळ, दोन-अडीच मिनिटांची गाणी, तेच विषय: मैत्रीण, घर, गाव, मोठं होण्याची भीती, मधूनच श्रद्धा. बदललं ते एवढंच, की सीडी कोणत्या दुकानात कोणत्या फळीवर ठेवली जाते.

ती फळी काय होती हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांची स्वतंत्र दुकानं असायची. बायबल, भेटकार्डं, आणि एका भिंतीवर कॅसेट, सीडी. पंक, मेटल, रॅप, भक्तिगीतं सगळं त्याच भिंतीवर, कारण वर्गवारी आवाजाची नव्हतीच, गाणाऱ्याच्या धर्माची होती. १९९५ पर्यंत तर त्या दुकानांतली विक्री बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या याद्यांसाठी मोजलीच जात नव्हती. एखाद्या सतरा वर्षांच्या पोराला वाटलं की आपलं गाणं त्या भिंतीपलीकडच्या मुलानंही ऐकावं, तर ह्यात देवाशी प्रतारणा कुठे आली? उलट ज्याचा स्वतःच्या श्रद्धेवर विश्वास आहे तोच ती घेऊन परक्या गर्दीत उभा राहू शकतो. मला हे मनापासून वाटतं.

नगरची मुलगी

सायंतारा, मी नगरच्या ख्रिस्ती घरातली आहे आणि मला तुमचा हा "फळी" शब्द टोचला. ज्यांना कधी त्या भिंतीची गरज पडली नाही त्यांना ती फळी वाटते.

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये वाढली. घरचं वातावरण फार कडक. रेडिओ बंद, एमटीव्ही बंद. चर्चच्या दुकानातून आणलेली सीडी तेवढी चालायची. शाळेत एकमेव सावळी मुलगी, जेवणाच्या सुट्टीत एकटी. त्या वयात तिच्या कानाशी कुणी जोरात, वेगात, तिच्यासारखंच चिडून बोललं असेल तर ते ह्या बँडनं. तिच्यासाठी ती भिंत म्हणजे घराची खिडकी होती.

आणि दुसरं. हे बँड हवेत वाढले नाहीत. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, तरुण संघाच्या शनिवारच्या कार्यक्रमांत वाढले. कुणीतरी हॉल फुकट दिला, कुणाच्या तरी आईनं दहा जणांचा स्वयंपाक केला, रात्री पोरांना आपल्या घरी जमिनीवर अंथरुणं घालून दिली. इलिनॉयमध्ये 'जीझस पीपल यूएसए' ह्या मंडळींनी १९८४ पासून २०१२ पर्यंत कॉर्नरस्टोन हा ख्रिस्ती संगीत महोत्सव चालवला, तो अशाच लोकांच्या कष्टांवर. मग एक दिवस बँड मुलाखतीत सांगू लागतात, "आम्ही ख्रिश्चन बँड नाही, बँडमधले ख्रिश्चन आहोत." हे वाक्य त्या काळात कितीतरी बँडच्या तोंडी असायचं. ज्या बाईनं स्वयंपाक केला तिनं हे वाक्य कसं ऐकायचं?

दादर_डिस्टॉर्शन

तुम्ही दोघंही चर्चवरून भांडताय, पण मूळ दुखणं चर्चचं नाहीच. पंकमध्ये मोठ्या कंपनीशी करार करणं हाच गुन्हा. ग्रीन डे ह्या पंक बँडनं लुकआउट हे छोटं लेबल सोडून रिप्राइज ही बडी कंपनी धरली, तर त्या करारानंतर त्यांच्याच बर्कलीमधल्या ९२४ गिलमन ह्या क्लबचं दार त्यांना बंद झालं. ते काही धार्मिक नव्हते. तोच न्याय एमएक्सपीएक्सला लागला.

आणि हा नियम खुळा नाही हो. पुढे काय झालं बघा. १९९८ च्या डिसेंबरात ए अँड एमची मालक कंपनी पॉलिग्राम युनिव्हर्सलच्या घशात गेली आणि नव्या वर्षात ए अँड एमचं जुनं कार्यालय मोडीत निघालं. ज्यांच्या भरवशावर पोरं तिथे गेली ते लोकच उरले नाहीत. २००० चा अल्बम केला जेरी फिननं, म्हणजे ब्लिंक-१८२ चा निर्माता. चांगला आहे, मी आजही ऐकतो. पण त्यात मला कारखान्याचा पॉलिश ऐकू येतो. माझी तक्रार तेवढीच आणि ती कानाची आहे, धर्माची नाही.

ओवीबद्ध

आपल्याकडचं उदाहरण आठवलं. भीमसेनजींनी 'संतवाणी'त अभंग सभागृहात नेले, तिकीट लावून. फडावरच्या जुन्या वारकऱ्यांना ते रुचलं असेल किंवा नसेल, पण ज्यांनी आयुष्यात कधी दिंडी पाहिली नाही अशा लाखोंच्या घरात तुकोबा त्यामुळे गेले.

आणि नगरची मुलगी, तुमच्याच परंपरेतले रेव्हरंड टिळक! १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला माणूस अभंग, कीर्तन ह्यांतून ख्रिस्त सांगत राहिला आणि १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यानं 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठीही. हेही भिंतीबाहेर पडणंच.

नगरची मुलगी

टिळकांचं नाव काढलंत, बरं झालं. आमच्या घरी 'उपासना संगीत'ची प्रत आहे, आजीच्या हाताची. त्यातली टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो. पण फरक बघा ना. टिळक बाहेर पडले तेव्हा त्यांच्या ओळींतून ख्रिस्त कमी झाला नाही, उलट वाढला. भीमसेनजींनी तिकीट लावलं म्हणून अभंगातला विठ्ठल गाळला नाही. शब्द तेच राहिले, श्रोते बदलले. मला एवढंच विचारायचंय: ह्या मुलांच्या गाण्यांत शब्द तेच राहिले का?

सायंतारा

ताई, स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. त्या वाक्यात कृतघ्नपणा असू शकतो हे मान्य. "फळी" हा शब्दही मी घाईत वापरला.

पण शब्दांच्या मापाबद्दल मला भीती वाटते. १९९८ मध्येच गॉस्पेल म्युझिक असोसिएशन ह्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संगीताच्या संस्थेनं पुरस्कारांसाठी गाण्याची व्याख्या ठरवली: शब्द बायबलच्या शिकवणीवर आधारलेले हवेत, किंवा देवाची स्तुती, किंवा साक्ष, किंवा ख्रिस्ती दृष्टी स्पष्ट दिसायला हवी. आता सोळा वर्षांच्या पोरानं गाव सोडून जाताना वाटणाऱ्या हुरहुरीवर गाणं केलं, तर ते कोणत्या रकान्यात बसवायचं? आणि माझ्या कानाला तरी एमएक्सपीएक्सच्या गाण्यांत उपदेश पहिल्यापासूनच थोडा होता. लोकांना आठवतो तो त्यांच्याभोवतीच्या दुकानाचा. त्यांनी देव गाळला म्हणण्याइतका देव आधीच्या ओळींत तरी किती उघड होता?

खरी फसवणूक कशी असते ते २००३ मध्ये दिसलं. इव्हानेसन्स ह्या रॉक बँडचा 'फॉलन' हा अल्बम ख्रिस्ती दुकानांत जोरात खपत होता. एका मासिकातल्या मुलाखतीत बँडनं त्या ओळखीपासून अंग काढून घेतलं आणि त्यांच्याच कंपनीनं दुकानदारांना कळवलं, माल काढून घ्या. ज्यांनी विश्वासानं विकत घेतला त्यांच्या हातात काय राहिलं? एमएक्सपीएक्सनं असं केलं नाही. १९९८ च्या अल्बमवर टूथ अँड नेलचंही नाव आहे, आणि २००७ मध्ये 'सीक्रेट वेपन' करताना ते पुन्हा त्याच लेबलकडे गेले. दार लावून घेतलेल्या घरी कुणी परत जात नाही.

दादर_डिस्टॉर्शन

परत गेले ते गोल्डचे दिवस सरल्यावर, हेही लिहा. तरी २०१८ चा अल्बम त्यांनी चाहत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करून स्वतःच काढला, त्याबद्दल मी त्यांना सलाम करतो. तिथे ना चर्च, ना कंपनी.

नगरची मुलगी

काल रात्री मावसबहिणीला फोन लावला आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. माझं मत तिला पूर्ण पटलं नाही, तरी प्रामाणिकपणे लिहिते.

ती म्हणाली, १९९८ ची सीडी तिनं चर्चच्या दुकानातून घेतलीच नाही. मैत्रिणीबरोबर मॉलमध्ये गेली होती, तिथे साध्या दुकानात ती दिसली. तोवर अशा दुकानात तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. घरी आल्यावर काकांनी पिशवीवरचं नाव बघून आवाज चढवला. तिनं सीडी काढून समोर धरली. काकांनी उलटसुलट करून पाहिली, ह्याच पोरांची आधीची सीडी त्यांनी स्वतःच तिला वाढदिवसाला दिली होती. काही न बोलता परत दिली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा मॉलमध्ये गेली आणि त्या वेळी काका स्वतः गाडीनं सोडायला आले.

स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही. ते तिलाही पटलं.