नुसता फोटो नको, व्हिडिओ हवा

ठाण्याच्या टेट्रिस स्पर्धेसाठी (पडणारे ठोकळे रचून भरलेल्या ओळी उडवायचा तो व्हिडिओ गेम) गुणांचा पुरावा म्हणून शेवटच्या स्क्रीनचा फोटो पुरे, गेमची कुठलीही आवृत्ती चालेल, असं या चर्चेत वर ठरत चाललंय. मला हे अजिबात पटत नाही. निन्टेन्डोच्या १९८९च्या टेट्रिसमध्ये एक ओळ उडवली की ४० गुण, एकदम चार उडवल्या की १२००, आणि त्याला लेव्हल अधिक एकने गुणायचं. म्हणजे शून्यावरून सुरू करणाऱ्याला चार ओळींचे १२००, नवव्या लेव्हलवरून सुरू करणाऱ्याला सरळ १२,०००! हे दोघे एकाच यादीत कसे बसणार? शिवाय एनटीएससी आणि पाल, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या टीव्ही पद्धतींसाठी काढलेल्या आवृत्त्या, यांचा वेगही वेगळा. तेव्हा आवृत्ती आणि सुरुवातीची लेव्हल सगळ्यांना एकच ठेवा.

आणि खरा खेळ फोटोत दिसतच नाही हो. उजवीकडचा रकाना मोकळा ठेवून, ठोकळे वरपर्यंत आलेले असताना, चार ओळी एकदम उडवणाऱ्या उभ्या काठीची वाट बघत बसणं, हे कसब बघायलाच तर आपण जमणार ना! नौपाड्यात जागा ठरली तर व्हिडिओ काढायला मोबाइलचे दोन स्टँड मी आणतो. इम्युलेटरला (जुना गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रामला) माझी हरकत नाही, पण मधे सेव्ह करून पुन्हा खेळणं बंद, एवढं नियमात स्पष्ट लिहा.