खाणीची परवानगी रखडली, तर भागधारकाने जाब कुणाला विचारायचा?

(सोलापुरातल्या चौघांचा वाद; प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव दिलंय.)

सात रस्ता
लिलावात खाण जिंकल्याची बातमी आली की शेअर उसळतो. मग वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं ते एवढंच: 'मंजुरी प्रक्रियेत आहे.' पैसा मात्र अडकलेला. अंदाजित खनिजमूल्याच्या अर्धा टक्का आगाऊ रक्कम, तिचा पहिला २० टक्के हप्ता भरल्याशिवाय इरादापत्रच (खाणपट्टा देण्याची सरकारची लेखी तयारी) नाही. वर बँक हमी. एक टन माल निघालेला नसतो आणि हमीचं कमिशन चालू असतं.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मुदती स्पष्ट आहेत. कंपनीने विनंती केल्यापासून ४५ दिवसांत जनसुनावणी, खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अंतिम अहवालानंतर १०५ दिवसांत निर्णय. त्या चुकल्या तर खात्याचं काय बिघडतं? कंपनीला मात्र इरादापत्राची तीन वर्षं, फार तर आणखी दोन. सोलापुरात हे शेअर धरून बसलेल्यांनी राग धरायचा तो सरकारवरच.

बाळीवेस
मालक, १०५ दिवसांचं घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. पूर्ण अंतिम अहवाल दाखल झाल्यावर. त्याआधीचा बराच वेळ कंपनीच्या हातातला असतो. हवा, पाणी, माती, आवाजाच्या मूळ नोंदी पावसाळा सोडून एका हंगामाच्या लागतात. सल्लागार नेमायला उशीर झाला, मार्च ते मे हुकला, की थेट ऑक्टोबर. सहा-सात महिने तिथेच गेले, आणि त्यात मंत्रालयाचा काही संबंध नाही.

परिवेश हे सरकारचं मंजुरी-अर्जांचं पोर्टल सगळ्यांना खुलं आहे. प्रस्ताव शोधा आणि स्थिती वाचा. 'ईडीएस' (आवश्यक तपशील मागवले) दिसलं तर खात्याने त्रुटी काढलीय आणि फाइल कंपनीच्या टेबलावर आहे. त्रुटी तरी कसल्या? नकाशाच्या केएमएल फाइलमधली हद्द आणि कागदावरचं क्षेत्रफळ जुळत नाही, पर्यायी वनीकरणाच्या जमिनीचे कागद अपुरे. प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीची इतिवृत्तंही तिथेच असतात. 'प्रस्ताव पुढे ढकलला' या ओळीखाली कारण दिलेलं असतं, ते वाचा.

दमाणीनगर
पर्यावरण मंजुरीपुरतं बरोबर. वनमंजुरीचं काय? तत्त्वतः मंजुरीचा पहिला टप्पा, अंतिम मंजुरीचा दुसरा टप्पा, वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा ठराव, खाणीत जाईल जेवढी वनजमीन तेवढी पर्यायी वनीकरणासाठी बिगरवन जमीन. ही जमीन शोधताना तहसील ते वनविभाग अशा फेऱ्या होतात, त्या कंपनीच्या ढिलाईमुळे नाही.

सरकारच्या आखणीचा त्रास सोलापूरकरांना नवा नाही. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं. गावं, शेतं, रस्ते सगळं आत. ते १,२२२ वर आणायला काही दशकं गेली, तोवर त्या हद्दीतला माणूस परवानग्यांच्या मागे. पक्षी वाचवायलाच हवा, पण हद्द नीट आखायला एवढा काळ का?

होटगी रोड
घाईत मिळालेली परवानगी भागधारकाला जास्त महाग पडते. गोव्यात ८८ खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण झटपट उरकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ते सगळं रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसा पट्टे रद्द झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये ओडिशाच्या प्रकरणात पर्यावरण मंजुरीविना काढलेल्या खनिजाची १०० टक्के किंमत वसूल करायचा आदेश झाला. उशीर झाला तर भाव पडतो. मंजुरीच रद्द झाली तर यंत्रं, रस्ते, कर्ज सगळं अंगावर येतं. ग्रामसभेचा ठराव कच्चा असेल तर तो कोर्टात टिकत नाही, मग लवकर मिळून उपयोग काय?

सात रस्ता
गोव्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. घाई केली ती सरकारने, भुर्दंड गुंतवणूकदाराला. मला फाइल डोळे झाकून पास करायला नकोय. नकार द्या, पण मुदतीत आणि लेखी द्या. नकार आला की निदान शेअर विकायचा की ठेवायचा ते ठरवता येतं. अधिसूचनेत तर अशीही तरतूद आहे की मुदतीत निर्णय कळवला नाही, तर तज्ज्ञ समितीच्या शिफारशीप्रमाणे मंजुरी मिळाली असं धरून पुढे जाता येतं. ती वापरायला कंपन्या धजत नाहीत, कारण गृहीत धरलेल्या मंजुरीवर कर्ज कोण देणार?

बाळीवेस
लेखी नकाराची मागणी पटली. पण आपल्या हातात काय आहे? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियम ३० खाली महत्त्वाची मंजुरी मिळाली किंवा रद्द झाली तर कंपनीने शेअर बाजाराला कळवायचं असतं. त्रुटीपत्र आलं, हे त्या यादीत नाही. म्हणजे गप्प राहायला वाव आहे. विशेष सभा बोलवायची तर मतदानाच्या भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो, तो किरकोळ भागधारकांकडे जमणं कठीण. म्हणून वार्षिक सभेच्या आधी कंपनी सचिवाला लेखी प्रश्न पाठवा: शेवटचं त्रुटीपत्र कोणत्या तारखेचं, उत्तर कधी दिलं, नोंदी कोणत्या हंगामाच्या (त्या तीन वर्षांहून जुन्या झाल्या तर चालत नाहीत), पर्यायी जमीन ताब्यात आहे का. ही चार उत्तरं परिवेशशी ताडून बघा.

दमाणीनगर
पाचवा प्रश्न जोडा: इरादापत्राची मुदत कधी संपते, आणि वाढीचा अर्ज राज्य सरकारकडे गेलाय का? तो गेला नसेल तर मीही कंपनीलाच धारेवर धरेन.