मदत हवी आहे : हेडर बसवलेली गाडी उत्सर्जन तपासणीत मुख्यतः आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) नापास होते, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकाच वेळी जास्त कसे?

नमस्कार.

पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांचे १.६ लिटर इंजिन असलेली एक गाडी उत्सर्जन तपासणीत अडकून बसली आहे. कारण एकच आहे की दोन, हेच ठरवता येत नसल्यामुळे जाणकारांचे मत हवे आहे.

गाडीच्या एक्झॉस्टमध्ये बरेच बदल झालेले आहेत. सिलिंडरांतून बाहेर पडणारा वायू एकत्र करणाऱ्या मूळच्या ओतीव मॅनिफोल्डच्या जागी लांब नळ्यांचा स्टेनलेस स्टीलचा हेडर आला आहे, आणि त्यामुळे पूर्वी इंजिनाला जवळजवळ चिकटून असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायूंचे रूपांतर करणारी जाळी) गाडीच्या तळाखाली बराच मागे गेला आहे. हा कन्व्हर्टरही मूळचा नसून हाय-फ्लो (वायूला कमी अडवणाऱ्या) प्रकारचा आहे. सर्वांत मागे दोन तोंडांचा सायलेन्सर आहे. ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) प्रोग्रॅमिंग, इंजेक्टर, कॅमशाफ्ट, एअर फिल्टरची पेटी यांना हात लावलेला नाही. स्पार्क प्लग नवे आहेत, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे आणि मिसफायरची नोंद स्कॅनरवर येत नाही.

गॅस अॅनालायझरवर इंजिन पूर्ण तापल्यानंतर आयडलिंगला आलेले आकडे असे : कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के, कार्बन डायऑक्साइड १३.४ टक्के, हायड्रोकार्बन २४० पीपीएम, ऑक्सिजन १.६ टक्के, आणि त्यावरून काढलेला लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ म्हणजे अचूक, त्याहून जास्त म्हणजे हवा जास्त) १.०४. इंजिन २५०० आरपीएमवर धरले की हेच आकडे पुष्कळ सुधारतात : कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, कार्बन डायऑक्साइड १४.७ टक्के, हायड्रोकार्बन ९० पीपीएम, ऑक्सिजन ०.५ टक्के, लॅम्डा १.०१. या गाडीला लागू असलेल्या मर्यादा आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन २०० पीपीएम, तर वाढवलेल्या आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के व लॅम्डा ०.९७ ते १.०३ अशा आहेत. म्हणजे वरच्या आरपीएमवर गाडी थोडक्यात हुकते आणि आयडलिंगला साफ नापास होते.

स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) आयडलिंगला अधिक १७ टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ५ टक्के दिसतो. ईसीयूला मिश्रण पातळ वाटते आहे, म्हणून तो इंधन वाढवतो आहे. असे दिसले की पहिला संशय इनटेकमधल्या गळतीवर जातो, पण तो मला इथे पटत नाही. इनटेकमधून जास्तीची हवा आत आली तर ती जळण्यापूर्वी आलेली असते. ईसीयू तिच्या हिशेबाने इंधन वाढवतो आणि मिश्रण पुन्हा जागेवर येते, त्यामुळे ट्रिम वाढला तरी कार्बन मोनॉक्साइड वाढण्याचे कारण उरत नाही. शिवाय इनटेकची स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणे) झाली असून धूर कुठूनही बाहेर आला नाही.

त्यापेक्षा पुढच्या (कन्व्हर्टरच्या आधीच्या) ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा शिरते आहे, ही शक्यता मला अधिक वाटते. आयडलिंगला एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने वरखाली होतो, आणि दाब खाली गेला की फटीतून हवा आत ओढली जाते. आरपीएम वाढला की वायूंच्या प्रवाहापुढे तिचे प्रमाण नगण्य होते. सेन्सर ती हवा मोजतो, ईसीयू फसतो, आणि प्रत्यक्षात पुरेसे इंधन असलेल्या सिलिंडरांत आणखी इंधन जाते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली, हेडरच्या फ्लँजच्या (इंजिनाला बोल्टने जोडलेल्या सपाट पट्टीच्या) कडेला, बोटाने पुसली जाईल अशी काजळीची बारीक काळी रेघ आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर तिथून टिक-टिक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो बंद होतो. आवाज बंद झाला म्हणजे फट मिटली, असे मला एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले. बाहेर पडणारा वायू ऐकू येण्याइतकी फट उरली नसली, तरी आत हवा ओढण्याइतकी ती उरू शकते की नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

मात्र एवढ्याने लॅम्डा १.०४ चा उलगडा होत नाही, आणि माझी खरी अडचण इथेच आहे. हवा फक्त सेन्सरच्या आधी शिरत असती, तर सेन्सरने तिच्यासकट सगळा हिशेब १ च्या आसपास आणून ठेवला असता आणि मागच्या तोंडाशीही लॅम्डा तेवढाच आला असता. तो जास्त येतो याचा अर्थ सेन्सरनंतर मागे कुठेतरी आणखी हवा मिसळते आहे. ती कन्व्हर्टरच्या मागच्या फ्लेक्स पाइपमधून येत असेल, किंवा गाडीचा त्यात काही दोषच नसेल : अॅनालायझरचा प्रोब एका तोंडात असताना दुसऱ्या उघड्या तोंडातून बाहेरची हवा मागे ओढली जाऊन नमुन्यात मिसळत असेल. दोन तोंडांच्या सायलेन्सरवर मोजणी करताना दुसऱ्या तोंडाचे काय करावे? दोन्ही तोंडे एकत्र आणणारी नळी लावून प्रोब खोलवर घातला, तर ऑक्सिजनचा आकडा विश्वासार्ह मानावा का?

तिसरा संशय कन्व्हर्टरवर आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही कन्व्हर्टरमध्ये पोहोचत असतील, तर तापलेल्या कन्व्हर्टरने त्यांचा संयोग घडवून कार्बन डायऑक्साइड तयार करायला हवा. तसे होत नसेल तर तो निकामी आहे किंवा थंड आहे. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड तापमापक चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून कन्व्हर्टरच्या आधीच्या व नंतरच्या पाइपवर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा एकेक ठिपका देऊन मोजले. बराच वेळ आयडलिंगला ठेवल्यावर आधीच्या ठिपक्यावर १९० अंश सेल्सिअस आणि नंतरच्या ठिपक्यावर १७० अंश आले. २५०० आरपीएमवर काही मिनिटे धरल्यावर अनुक्रमे ३०० आणि ३४० अंश आले. बाहेरच्या पत्र्याचे तापमान आतल्या जाळीपेक्षा कमीच असणार हे गृहीत धरले, तरी आयडलिंगला तो झोपतो आणि वरच्या आरपीएमवर जागा होतो, असेच यातून दिसते. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज आयडलिंगला पुढच्या सेन्सरसारखेच ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलते आणि वरच्या आरपीएमवर ०.७ च्या आसपास स्थिर होते, हेही त्याला धरूनच आहे.

मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला वायूच्या प्रवाहापासून दूर ठेवणारा तुकडा) लावून इंजिनाचा दिवा बंद ठेवावा, असा सल्ला मिळाला होता. तो मला मान्य नाही. त्याने दिवा विझेल, पण मागून येणाऱ्या माणसाच्या नाकात जाणारा वायू तोच राहील. ज्या बदलांमुळे गाडी स्वच्छ चालू शकत नाही, ते बदल काढून टाकण्याचीही माझी तयारी आहे. फक्त नेमका कोणता काढायचा, ते पुराव्यानिशी ठरवायचे आहे.

आता माझ्या मनात क्रम असा आहे : आधी एक्झॉस्टची स्मोक टेस्ट थंड इंजिनावर करायची आणि फ्लँज सरळपट्टीने तपासून गॅस्केट बदलायचे, मग ट्रिम शून्याजवळ येतो का ते पाहायचे, आणि त्यानंतरच कन्व्हर्टरचा निकाल लावायचा. ट्रिम जागेवर आल्यावर इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइडच इतका घटेल का, की मागे गेलेला कन्व्हर्टर आहे त्याच तापमानावर पुरेल? की लांब हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे किंवा कन्व्हर्टर पुन्हा इंजिनाजवळ आणणे भागच आहे? अशा प्रकारचा हेडर ठेवूनही आयडलिंगला तपासणी पार केलेल्यांनी कन्व्हर्टर इंजिनापासून किती अंतरावर बसवला आहे आणि गाडी तापवल्यापासून किती वेळात मोजणी करून घेतली, हे कृपया आपल्या आकड्यांसह कळवावे.