हरणांसाठी मका-सोयाबीन पेरणं : शेती, सोय की आमिष?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, मॅडिसनहून तासाभरावर, आमची थोडी जमीन आहे. बरीचशी झाडी, ओढ्यालगत तीनेक एकर मोकळं वावर. मी शिकार करत नाही. शेजाऱ्याला नोव्हेंबरात करू देतो, त्या बदल्यात तो कुंपण आणि पडझड बघतो. यंदा त्याने विचारलं, त्या वावरात अर्धा मका आणि अर्धं सोयाबीन लावू का? विकायला नाही, कापायचंही नाही. हरणांसाठी थंडीभर उभं ठेवायचं. इथे याला फूड प्लॉट म्हणतात आणि बियाण्याच्या दुकानात त्याच्या वेगळ्या पिशव्याच मिळतात.

मी नाही म्हटलं. तो फुरंगटलाय, पण माझं म्हणणं मांडतो.

२००२ साली आमच्याच भागात, माउंट होरेबच्या आसपासच्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू पोखरला जातो, जनावर झिजत झिजत मरतं. औषध नाही, लस नाही. लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून ते प्रथिन जमिनीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून बाधित काउंटीत मक्याचे दाणे ओतून हरणं जमवायला बंदी आहे. जिथे बंदी नाही तिथेही दोन गॅलनच्या वर ओतता येत नाहीत.

तोच मका पेरलात तर मात्र तीन एकर उभा ठेवा, कडेच्या ओकवर मचाण बांधा, खाली आलेल्या नरावर बाण सोडा, कायद्याची काही हरकत नाही. का? दाणा बादलीतून पडला काय नि कणसातून पडला काय, खाणारी तोंडं तीच आणि मचाणावरचा माणूसही तोच. मला हे आमिषच वाटतं, फक्त त्याला ट्रॅक्टर लागतो.

पाणकणीस

मी आयोवात असतो, शिकार करतो, दरवर्षी प्लॉट लावतो. आमच्याकडेही दाणे ओतून शिकार करणं बेकायदा आहे आणि उभ्या पिकावर करणं कायदेशीर. त्यामागे कारण आहे.

दाण्याचा ढीग म्हणजे परातीएवढी जागा. तिथे रोज रात्री तीच हरणं येऊन एकाच मातीत तोंड खुपसतात आणि ढीग संपला की माणूस पुन्हा भरतो. तीन एकरांत पंधरा हरणं आली तर ती पांगून खातात. शेंगा जमिनीच्या वर असतात, कणसं त्याहून वर. रोगाला हवी असते ती एका जागेची गर्दी.

आता खाण्याचं. जून ते ऑगस्ट सोयाबीनचा पाला म्हणजे निव्वळ प्रथिन. माद्या तेव्हा पाजत्या असतात, नरांची शिंगं तेव्हाच वाढतात. सप्टेंबरात पाला गळतो, डिसेंबरात शेंगा तेवढ्या राहतात. दाण्यात ३५ ते ४० टक्के प्रथिन आणि वीसेक टक्के तेल. मक्यात प्रथिन नऊ टक्क्यांच्या आतबाहेर, पण अंगात ऊब मक्यानेही राहते. शिवाय गुडघाभर बर्फ पडला की क्लोव्हर, ओटसारखा बुटका चारा सगळा गाडला जातो, मक्याची ताटं तेवढी वर दिसतात. फेझंट नावाचे रानकोंबडे, टर्की तिथेच आसऱ्याला येतात. माझ्या प्लॉटमध्ये जानेवारीत हरणांपेक्षा फेझंटचे माग जास्त असतात.

आणि पैसा कुठून येतो तेही बघा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर (लांब नळीच्या बंदुकांवर आज ११ टक्के) राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या देशात काही लाख पांढरशेपटी हरणं उरली होती, आज ती कोटींत आहेत. ती फोटो काढणाऱ्यांनी वाढवलेली नाहीत.

निरामिष

आधी खायला घाला, मग मारा. याला संवर्धन म्हणायचं?

पाणकणीस

कोंबड्यांच्या खाद्यात काय असतं माहीत आहे का? मका आणि सोयाबीनची पेंड. तुम्ही नसाल खात, पण या संकेतस्थळावर चिकन रस्सा टाकणाऱ्यांच्या धाग्यावर हा प्रश्न विचारलेला दिसला नाही.

ओढ्याकाठी

@पाणकणीस, ढीग आणि शेत यांत फरक आहे, मान्य. पण जूनची गोष्ट सांगून तुम्ही नोव्हेंबरावरून उडी मारलीत. जूनमध्ये माझ्या वावराची गरजच काय? चहूकडे मका आणि सोयाबीनच आहे. हरणं मजेत कुणाचंही खातात. ऑक्टोबरात कंबाईन फिरतं, सोयाबीन आधी आणि मका मागून जातो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो, तोवर सगळं शिवार बोडकं झालेलं असतं. त्या बोडक्या शिवारात माझेच तीन एकर उभे राहिले तर आजूबाजूच्या डोंगरांमधली सगळी हरणं तिथेच उतरणार. शेजाऱ्याला तेच हवंय, आणि तुम्हालाही. म्हणूनच कुणी कापत नाही.

म्हणजे पांगून खाण्याचा तुमचा मुद्दा ऑगस्टात खरा आणि जानेवारीत लंगडा. त्या महिन्यांत तीन एकरांत पंधरा नाही, चाळीस हरणं दिसतात. रोग आमच्याकडे आलेलाच आहे, तुमच्या भागात कदाचित तेवढा नसेल.

वऱ्हाडी ठेचा

यवतमाळकडून रामराम. वाचून वाचून हसू बी येऊन राहिलं आणि राग बी. आमच्याकडे सोयाबीनला चौथं-पाचवं पान आलं की रोह्यांचे (नीलगायींचे) कळप रातच्याला उतरतात, शेंगा धरल्या की रानडुकरं. मचाण आमचंही असते, पण तिथं बसून डबे बडवायचे, फटाके फोडायचे, बॅटऱ्या मारायच्या. बंदूक नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, आणि तो असावाच, माझं त्यावर भांडण नाही. पण वनखात्याचा पंचनामा, अर्ज, फोटो करता करता सोंगणी येते.

मले एक सांगा @पाणकणीस, तीन एकरांत सोयाबीन टिकतंच कसं? जनावरं पहिल्या महिन्यातच शेंडे खुडून नेत असतील. आमचं दहा एकराचं राखताना जीव जातो.

पाणकणीस

नाही टिकत. छोट्या प्लॉटचं हेच रडगाणं आहे. दोनेक एकराच्या आतलं सोयाबीन जुलैपर्यंत नुसत्या काड्या होतं, शेंग धरायला झाडच उरत नाही. म्हणून पेरल्या पेरल्या भोवती विजेचं कुंपण घालतो, सौर पॅनेल आणि बॅटरीवालं, आणि ऑक्टोबरात काढतो. मक्याला फारसं लागत नाही, पण मका पैसे खातो. एकरी शंभर पौंडांच्या वर नत्र हवं, नाहीतर कणीस बोटाएवढं. सोयाबीनला जिवाणू संवर्धक चोळलं की नत्राचा खर्च वाचतो. म्हणून वावराचे दोन भाग करून दरवर्षी अदलाबदल.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे हरणासाठी पेरायचं, हरणापासून राखायचं, मग हरणासाठी तारा काढायच्या! देवा पांडुरंगा.

बरं, ते सोडा. तुमच्या प्लॉटवर पोसलेलं हरीण उन्हाळ्यात शेजारच्या खऱ्या शेतकऱ्याचं खाते, त्याचे पैसे कोण देते?

माळढोक

याचं उत्तर विस्कॉन्सिनपुरतं मी देतो, वन्यजीव विषयात शिकलोय आणि इथेच राहतो. राज्याची पीकनुकसान योजना आहे. पैसा शिकार परवान्यांवरच्या जादा शुल्कातून येतो. पण भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याला बाहेरच्या शिकाऱ्यांना आपल्या जमिनीवर येऊ द्यावं लागतं. अट शहाणपणाची आहे. एकीकडे हरणं पाळायची आणि दुसरीकडे नुकसान झालं म्हणून हात पसरायचा, हे चालत नाही. गंमत अशी की प्लॉट लावणारा भरपाई मागतच नाही, त्यामुळे ही अट त्याला लागूच होत नाही. हरणं त्याच्याकडे थंडी काढतात आणि उन्हाळ्यात शेजाऱ्याकडे चरतात.

मूळ वादात मला दोघांचंही अर्धंच पटतं. ओढ्याकाठी, तुमचा हिवाळ्याचा हिशोब बरोबर आहे. पण तुमच्या जंगलाला प्लॉटपेक्षा मोठा धोका आहे तो संख्येचा. एकदा आपल्या झाडीत खाली वाकून बघा. मोठे ओक आहेत, पण कमरेएवढे किती आहेत? आमच्या भागात कित्येक ठिकाणी नाहीतच. रोपाचा शेंडा दर हिवाळ्यात कुरतडला जातो, रोप वीतभराचं झुडूप होऊन बसतं. ट्रिलियमसारखी रानफुलं कुंपण घातलेल्या चौकटीत दिसतात, बाहेर नाही. हे हरणांचं काम आहे. हिवाळ्यात जी कमजोर जनावरं गळायची, ती शेंगांवर जगतात आणि मे महिन्यात दोन-दोन पिल्लं घालतात.

म्हणून प्लॉटवर मारता काय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण कॅमेऱ्यात दिसलेल्या मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघत बसतात आणि समोरून दहा माद्या जाऊ देतात. असा प्लॉट म्हणजे गोठा. संख्या माद्या कमी झाल्याशिवाय कमी होत नाही. १९४३ साली विस्कॉन्सिनने माद्या आणि पिल्लांची शिकार खुली केली तेव्हा केवढा गहजब झाला होता! वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड त्या बाजूने उभे राहिले आणि शिकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. ऐंशी वर्षांनीही बारमधला वाद तोच आहे.

पाणकणीस

@माळढोक, गोठा म्हणालात ते लागलं, पण काही मचाणांबाबत खरं आहे. मी आधी माद्या मारतो, नर मग. जास्तीचं मटण आयोवाच्या हश योजनेतून अन्नछत्रांना जातं, खाटकाकडे जनावर सोडायचं, बाकी ते बघतात. आणि माद्या मारायला प्लॉटसारखी जागा नाही. दाट झाडीत तुम्हाला हरीण दिसणार कुठे? प्लॉटवर थांबून, नीट बघून, एका बाणात काम होतं. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर शोधायची वेळ कमी येते. ओढ्याकाठी यांनी हा विचार केलेला दिसत नाही.

ओढ्याकाठी

केला आहे. शेजाऱ्याला दोन अटी घालून बघितल्या. एक, मोसमात आधी मादी, मग नर. दोन, मारलेल्या प्रत्येक हरणाच्या लसिका ग्रंथी तपासायला द्यायच्या. राज्य तपासून देतं, मुंडकं ठेवायला जागोजागी पेट्या आहेत. बाधित मटण खाऊ नका असं सीडीसी (अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्था) सांगतं, तरी न तपासता खाणारे बघितलेत. दुसरी अट त्याने लगेच मान्य केली. पहिलीवर गप्प झाला. मग मीही मक्यावर गप्प झालो.

त्याला क्लोव्हर लाव म्हटलंय आणि ओढ्याकडची काही बॉक्स एल्डर पाडून ओकच्या रोपांना ऊन मिळू दे. उन्हाळ्यात खातील, हिवाळ्यात पांगतील.

पाणकणीस

हिवाळ्यात पांगणार नाहीत, डोंगरापलीकडे ज्याने सोयाबीन उभं ठेवलंय त्याच्याकडे जातील. तुमचा रोग तिथून परत येईल. एकट्याने नाही म्हणून काय साधलं?

ओढ्याकाठी

माझी माती. इतकंच.

निरामिष

क्लोव्हरला +१.

वऱ्हाडी ठेचा

तुमचं चालू द्या. @पाणकणीस, त्या कुंपणाचं जरा बैजवार सांगा. आमच्याकडे झटका मशीन आहे, पण एकच रांग, जनावरं उडी मारून आत. काही येडे डायरेक्ट लाईन सोडतात, त्यात माणसं मेली, ते नको.

पाणकणीस

डायरेक्ट लाईन कधीच नको. दोन रांगा करा, मधे तीन फूट अंतर. बाहेरच्या रांगेत एकच तार, दीड फुटावर. आतल्या रांगेत दोन, एक दहा इंचांवर आणि दुसरी दोन फुटांवर. उंची कमी वाटेल, पण हरणाला खोलीचा अंदाज नीट येत नाही, दोन रांगा बघून ते उडी घेत नाही. पेरणीच्याच दिवशी लावा, एकदा पाला तोंडाला लागला की मग ऐकत नाहीत. आणि तारेखालचं तण काढत राहा. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका सगळा जमिनीत जातो.

वऱ्हाडी ठेचा

रोही तुमच्या हरणापेक्षा लय मोठं. वरची तार तीन फुटावर घेऊन बघतो. बांधाकडच्या दोन एकरात करतो आधी, मग सांगतो.