रेडियन्स झाले, आता एकॉसकडे बघा

अक्षांश-रेखांशांवरून दोन बिंदूंमधलं अंतर काढणाऱ्या तुमच्या एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) अंश रेडियन्समध्ये बदलल्यावर अंतरं बरोबर येऊ लागली, पण काही ओळींत अजूनही नल (म्हणजे रिकामं उत्तर) दिसतंय, असं तुम्ही म्हणता. त्या ओळी नीट बघा, दोन्ही बिंदू एकच किंवा अगदी जवळजवळ असतील. अशा वेळी सूत्रातली, एकॉसच्या आत जाणारी साइन-कोसाइनच्या गुणाकारांची बेरीज १ यायला हवी, पण फ्लोटिंग पॉइंटमुळे (संगणक दशांश ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो) ती १.०००००००००००००००२ अशी किंचित वर सरकते. एकॉस म्हणजे कोसाइनवरून उलटा कोन काढणारं फंक्शन, आणि १ पेक्षा मोठ्या संख्येचा एकॉस नसतोच. डेटाबेसांपैकी मायएसक्यूएल तिथे गुपचूप नल देतं, पोस्टग्रेसक्यूएल सरळ एरर देतं. मला एरर परवडते, निदान चूक लपत तरी नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे एकॉसच्या आत लीस्ट(१, …), म्हणजे दोन्हींतली लहान संख्या, घालणं. पण खरं तर गोलावरचं अंतर काढणारं दुसरं, हॅव्हरसाइन सूत्रच वापरा, लहान अंतरांना ते कितीतरी अचूक आहे.

वेगाचा मुद्दा या चर्चेत अजून कुणी काढला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. व्हेअरमध्ये (ओळी निवडण्याच्या अटीत) थेट सूत्र टाकलंत, तर प्रत्येक ओळीसाठी गणित होतं आणि इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नुसता पडून राहतो. आधी अक्षांश-रेखांशांवर बिट्वीन (दोन मर्यादांमधलंच घेणारी अट) लावून चौकट आखा. १ अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून १० किमीसाठी दोन्ही बाजूंना ०.०९ अंश पुरेत. रेखांशासाठी मात्र हाच आकडा अक्षांशाच्या कोसाइनने भागायचा. ६० अंशांवर तो दुप्पट होतो, आणि हे विसरलं की कडेचे बिंदू गळतात. चौकटीत उरलेल्या ओळींवरच हॅव्हरसाइन चालवा.