मदत हवी आहे: ऑबर्न (अलाबामा) आणि आसपास आई-बाबांना कमी खर्चात काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात सांगलीहून येताहेत. मी ऑबर्नला पीएचडी करतोय, म्हणजे खिशाची अवस्था तुम्हाला वेगळी सांगायला नको. न्यूयॉर्क-नायगारा यंदा जमणार नाही हे त्यांना सांगून टाकलंय. बाबांचं त्यावर उत्तर, "आम्ही तुला बघायला येतोय." तरी रोज गॅलरीतून पार्किंग लॉट बघत बसायला लावणं काही बरं नाही.

गाडी आहे. जुनी आहे, पण तास-सव्वा तासाच्या अंतरावर बिनघोर नेता येईल. आईचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चाल नको. तिकीट माणशी पाच-सात डॉलरच्या आत असावं, फुकट असेल तर सोन्याहून पिवळं. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

आई निवृत्त शिक्षिका. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र तिने वर्गातल्या पोरांना वाचून दाखवलंय. ते जिथे शिकवायचे ते टस्कीगी माझ्यापासून वीसेक मैलांवर आहे हे कळल्यापासून तिने विमानाच्या तिकिटाआधी त्याचीच चौकशी सुरू केलीय. तेव्हा तिथे जाणं पक्कं. प्रश्न असे:

टस्कीगी आणि माँटगोमेरी एका दिवसात होईल का? माँटगोमेरीचं लिंचिंगच्या (जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या) बळींचं स्मारक त्यांना झेपेल का? आणि खायचं काय?

प्रतिसाद

आम्ही पलीकडे ऑपेलायकाला बरीच वर्षं आहोत, पाहुणे फिरवून फिरवून हा भाग पाठ झालाय. दोन्ही एका दिवसात अजिबात कोंबू नका.

टस्कीगी हे चालू विद्यापीठ आहे आणि त्यातच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवेश फुकट. 1881 मध्ये कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांसाठी त्याची सुरुवात केली. विटा विद्यार्थ्यांनी पाडल्या, इमारतीही त्यांनीच उभ्या केल्या. आईंना त्या भिंतींजवळ नक्की न्या. कार्व्हर 1896 मध्ये इथे आले ते 1943 मध्ये वारेपर्यंत इथलेच झाले. चॅपलजवळच्या छोट्या दफनभूमीत दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. कीर्तीबरोबर पैसाही मिळवता आला असता, पण दोन्हींची पर्वा न करता जगाच्या उपयोगी पडण्यातच त्यांना सुख आणि मान लाभला, अशा अर्थाचा मजकूर कार्व्हर यांच्या दगडावर कोरलाय. शिक्षिका असलेल्या बाई तिथून लवकर हलत नाहीत, हे माझ्या सासूबाईंवरून सांगते.

एक मात्र करा. कार्व्हर म्युझियम आणि वॉशिंग्टन यांचं घर, 'द ओक्स', दुरुस्तीसाठी बंद असू शकतं. निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या. त्याच दिवशी मोटन फील्डही बघून होतं: दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी जिथे शिक्षण घेतलं, तो विमानतळ. हँगरमध्ये लाल शेपटीचं पी-51 विमान टांगलंय, प्रतिकृती आहे पण बाबा खूश होतील. हेही फुकट.

माँटगोमेरीसाठी वेगळा दिवस ठेवा. गुलामगिरी आणि वंशभेदाचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम, स्मारक आणि नदीकाठचं शिल्पोद्यान, तिन्हींचं मिळून तिकीट पाच डॉलर. स्मारकात आठशेवर पोलादी खांब आहेत, एकेका काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकेक, त्यावर बळींची नावं. आधी ते डोळ्यांसमोर असतात, मग जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकत राहतात. उतार सौम्य आहे. झेपण्याचं म्हणाल, तर स्मारक झेपतं, म्युझियम जड जातं. मोठं आहे, आणि मजकूर, चित्रफिती भरपूर. आईंना थोडी कल्पना देऊन न्या.

मी सुरुवात कॅपिटॉलपासून, म्हणजे राज्याच्या विधानभवनापासून करते. पायऱ्यांवर एक पितळी तारा आहे. 1861 मध्ये जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून तिथेच शपथ घेतली. 1965 मध्ये सेल्मा गावाहून निघालेला कृष्णवर्णीयांच्या मतदान-हक्काचा मोर्चा याच पायऱ्यांसमोर येऊन थांबला. आणि खाली, हाकेच्या अंतरावर, नागरी हक्क चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग 1954 ते 1960 जिथे पाद्री होते ते विटांचं चर्च. इतकं सगळं एवढ्याशा जागेत, तेही बाहेरून बघायला एक पैसा न मोडता!

प्रतिसाद

गुडघ्याचा विचार केला तर हॉर्सशू बेंडची जुनी रणभूमी उत्तम. 1814 च्या मार्चमध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने इथे क्रीक या मूळ रहिवासी लोकांचा पाडाव केला. आठशेच्या वर योद्धे मारले गेले, आणि नंतरच्या तहात क्रीकांची सुमारे 2.3 कोटी एकर जमीन गेली. तीन मैलांचा रस्ता गाडीतूनच फिरता येतो. तिकीट नाही.

खाण्याबाबत सावध. इथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत घेवडा, पालेभाजी असं दिसलं की आपण हुरळतो, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस घालून शिजवलेलं असतं. दरवेळी विचारा. डबा न्या, तेच बरं. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, त्या बिनधास्त खा. सांगलीकरांना आवडतीलच.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार दोघांचे! टस्कीगी पहिल्या शनिवारी, माँटगोमेरी पुढच्या. शेजारच्या कोलंबस शहरातलं इन्फंट्री (पायदळ) म्युझियम बाबांसाठी घालू का? फुकट आहे असं वाचलं.

प्रतिसाद

घाला. फुकटच आहे, दारात ऐच्छिक देणगीची पेटी असते. फक्त नदी ओलांडली की जॉर्जिया, तिथलं घड्याळ तासभर पुढे. दुपारी उशिरा निघालात तर पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ झालेली असेल.