आरटीपी पाइपला खरंच गिऱ्हाईक आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं एचडीपीई (कडक पॉलिथिन) पाइपचं छोटं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. ठिबक-तुषारचा काळा पाइप, थोडं पाणीपुरवठ्याचं काम. हाच माल आता जो तो काढतोय, भाव पाडल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. म्हणून फायबर घातलेला थर्मोप्लास्टिक पाइप, म्हणजे आरटीपी, करावा असं डोक्यात आहे.

मशीनवाल्याने नमुना दिलाय. आत एचडीपीईची नळी, तिच्यावर पिवळ्या अ‍ॅरामिड धाग्याचे (केव्हलरच्या जातीचा चिवट धागा) उलटसुलट तिरके वेढे, वरून पुन्हा काळं आवरण. हॅकसॉने कापायला घेतला तर प्लास्टिक पटकन कापलं गेलं, धागा मात्र तुटेना, पात्याभोवती नुसता पिंजारला. दाब पेलतो तो हा धागा, हे तेव्हा हाताला कळलं. आपला पीई १०० दर्जाच्या एचडीपीईचा एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) पाइप १६ बार दाबाचा, हा १०० बारचा सांगतात.

त्याच्या प्रेझेंटेशनमध्ये मागणीचा आलेख चढतच जातो. विकत घेणारा कोण, ते मात्र कुठेच नाही. शेड तारण ठेवण्याआधी मला तेवढंच नक्की हवंय.

तेल-वायूवाले सोडून कोणी घेतं का? निफाड-दिंडोरीकडे द्राक्षवाले लांबून पाणी उचलतात, पण १० मीटर चढाला साधारण १ बार लागतो. १०० मीटर चढ धरला तरी साधा पाइप पुरतो. दुसरं, अ‍ॅरामिड फार महाग पडतंय. काचेच्या धाग्यावर भागेल का? की पाइपच्या नादी न लागता पाइपवर गुंडाळायची, प्लास्टिकमध्ये धागा बसवलेली नुसती टेप बनवून विकावी?

प्रतिसाद

दादा, मी गुजरातच्या तेलक्षेत्रात लाइन टाकण्याच्या कामावर होतो. तिथे हा पाइप दाबापेक्षा गंजासाठी घेतात. विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड येतो, तो पोलादाला आतून खातो. शिवाय रिळावरून शेकडो मीटर पाइप एका दमात उलगडतो, दर १२ मीटरला वेल्डर बसवावा लागत नाही.

पण तिथे घुसायला एपीआय १५एस, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं अशा पाइपसाठीचं मानक, लागतं. त्यात दाबाखाली १०,००० तासांची चाचणी आहे, म्हणजे जवळजवळ १४ महिने. तोवर विक्री शून्य आणि हप्ते चालू. एचडीपीई अस्तर ६० अंशांच्या आसपास थकतं, पुढे पीए १२ किंवा पीव्हीडीएफ ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं, त्यांचा भाव तुम्हाला ठाऊकच असेल. आणि जोड! नुसतं बट वेल्डिंग (दोन टोकं वितळवून चिकटवणं) केलं तर धागा जोडला जात नाही, टोकाला दाबून बसवायचं धातूचं कपलिंग लागतं. आमच्याकडे गळती झाली ती तिथेच.

काच चालते, पण उघडी नको. ओल आणि ताण एकत्र आले की तिची ताकद उतरते. वितळलेल्या एचडीपीईत पूर्ण भिजवलेली टेप हवी. माझ्या मते तुम्ही टेपचाच विचार करा. एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून आकारात काढणारं मशीन) आणि प्लास्टिकच्या दाण्याची जाण तुमच्याकडे आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. १४ महिन्यांचं कोणीच बोललं नव्हतं, मशीनचा ॲडव्हान्स आज थांबवला. टेपमध्ये धागा नीट भिजलाय का, हे छोट्या युनिटमध्ये कसं तपासतात? कापून, जाळून, की वजनावरून?